‘अमर कहानी’ आणि न परतलेला माणूस

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. नाव होते ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, म्हणजे ‘आणि एकजण परतलाच नाही’. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. पटकथेत अब्बास यांच्यासोबत व्ही. पी. साठे होते. चित्रपटाचे नाव मात्र ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ झाले. न परतण्याचे दुःख मागे पडले, अमरत्व पुढे आले. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो.

१९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. कोटणीस तिथेच राहिले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. चित्रपटातले कोटणीस मात्र प्लेगशी झुंजतात आणि रोग्याकडून लागण होऊन प्राण सोडतात.

हा बदल कशासाठी? साथीतले मरण मराठी प्रेक्षकाला लगेच भिडणारे होते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या. हदीसच्या परंपरेतही ताऊनमध्ये मरणाऱ्याला शहीद मानले आहे. आजार अंगावर काढीत, काम न थांबवता झिजणाऱ्या माणसाला असा तयार दर्जा नसतो. पण कोटणीसांचा खरा त्याग तोच होता.

एरवी हा चित्रपट आम्हांला प्रिय आहे. पानिपतच्या मुसलमान लेखकाने सोलापूरच्या हिंदू डॉक्टरची आणि त्याच्या चिनी पत्नीची कहाणी जिवाभावाने सांगावी, हा वारसा आम्ही आपला मानतो. म्हणूनच त्याची चिकित्साही आपणच करायला हवी.

शहीद ठरवण्याच्या घाईत काय निसटते, ते कोरोनाने दाखवले. २०२० साली आमच्या वडगाव मावळसारख्या गावांतून आशाताई दारोदार हिंडल्या. त्यांना ‘कोरोना योद्धा’ म्हटले गेले. जून २०२१ मध्ये त्याच आशाताईंना मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. योद्ध्याला पगार लागतो, विसावा लागतो, औषध लागते, हे त्या शब्दात कुठेच नव्हते.

म्हणून चित्रपटाच्या नावापेक्षा पुस्तकाचे नाव आम्हांला अधिक खरे वाटते. ते गौरव करीत नाही. घरी कोण आले नाही, तेवढेच सांगते.