दुसऱ्याच्या पडद्यावरचा हात

महाळुंगे म्हणजे बालेवाडीजवळचे नव्हे. खेड तालुक्यातले, चाकण औद्योगिक वसाहतीतले. तिथल्या एका शाळेतील बाईंचा फोन आला. जुनी प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसत होता. मी पुण्यात. दोघांनीही दूरस्थ मदतीचा प्रोग्रॅम सुरू केला, बाईंनी आकडा वाचून दाखवला, परवानगीचे बटण दाबले आणि त्यांचा पडदा माझ्यासमोर आला. फॉन्ट जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला. जुन्या संगणकातली त्याची फाइल पेनड्राइव्हवर होती, ती मी बसवून दिली. दहा मिनिटांचे काम. महिन्याभरात शाळेतल्या दुसऱ्या संगणकावर तीच अडचण आली आणि पुन्हा फोन.

दोष बाईंचा नव्हे. दोष माझ्या मदतीचा, आणि थोडा अशा साधनांच्या रचनेचा.

खरे तर ही रचना देखणी आहे. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर, दर ठिपक्याला ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांहून अधिक बाइट लागतात. अशी चित्रे सेकंदाला २५ पाठवायला कोणत्या शाळेची जोडणी पुरेल? केंब्रिजमधील ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात तयार झालेल्या ‘व्हीएनसी’त यावर साधी युक्ती होती : पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच पाठवायचा. उलट दिशेने जायचे ते फक्त कळा दाबणे आणि माऊस हलवणे. वर्गात हे करून पाहता येईल. दोन मुलांना चौकटीच्या कागदासह पाठीला पाठ लावून बसवा. एकाने आपल्या चित्रात बदल केला की बदललेल्या चौकटींचेच क्रमांक त्याने सांगायचे.

पण या सोयीत बसलेला माणूस प्रेक्षक होतो. बाण आपोआप पळतो, खिडक्या उघडतात, मिटतात. काय केले ते दिसते. का केले ते दिसत नाही. फॉन्टचे नाव मी आधी का पाहिले, हे बाईंना कळायला वावच नव्हता. भराभर गणित सोडवून फळा पुसणाऱ्या शिक्षकाला आपण नावे ठेवतो, तो यापेक्षा वेगळे काय करतो?

यातून लागणारी सवय अधिक वाईट. फोनवरच्या आवाजाने मागितला की आकडा वाचायचा आणि ‘हो’ दाबायचे! फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’चे नाव घेऊन बँकांना सावध केले, ते याच वाटेने लोकांच्या खात्यांतून होणाऱ्या चोरीबद्दल. मोबाइलवर हे ॲप घ्यायला लावायचे, आकडा विचारायचा, की ताबा मिळाला. प्रोग्रॅम तोच, ओळखीच्या माणसाचा आवाज तेवढा नाही.

म्हणून विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ मला उजवे वाटते. तिथे मदत करणाऱ्याला आधी पडदा नुसता दिसतो. ताबा वेगळा मागावा लागतो आणि समोरच्याने तो द्यावा लागतो. पडद्यावर पेनाने खुणाही करता येतात. घाईच्या माणसाला ही आडकाठी वाटेल, शिक्षकाला वाटू नये.

दुसऱ्या वेळी मी ताबा मागितलाच नाही. खुणा करत, विचारत गेलो. माऊस बाईंच्या हाती. पाऊण तास लागला. मध्येच जोडणी तुटली. पुन्हा जुळली तेव्हा फॉन्ट बसलेला होता, आणि बाई पायऱ्या वहीत उतरवत होत्या.