आरशातला झुंजार

बाबूराव अर्नाळकरांकडे मोरिआर्टी नाही, ही तक्रार मी स्वतः पंधराएक वर्षं करत होतो. कॉनन डॉयलने १८९३ साली गणिताचा प्राध्यापक मोरिआर्टी उभा केला तो होम्सला संपवण्यासाठी. त्यासाठी त्याला होम्सइतकाच बुद्धिमान, होम्ससारखाच एकटा माणूस लागला. तीच बुद्धी, तीच चिकाटी, तोंड तेवढं दुसऱ्या दिशेला. खलनायक तोलामोलाचा असावा असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला बहुधा हेच हवं असतं. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तकं लिहिली, आणि एवढ्या पसाऱ्यात धनंजय-छोटूच्या तावडीत सापडलेला एकही गुन्हेगार मला पुस्तक मिटल्यावर नावानिशी आठवेना. पिंपरी, निगडी आणि चिंचवड स्टेशनच्या रद्दीवाल्यांकडून मिळतील तेवढ्या प्रती गोळा केल्या, खलनायकांची एक वही केली. वही भरली, पण हाती काही लागलं नाही.

चूक वहीत होती. मी गुन्हेगारांच्या रांगेत प्रतिबिंब शोधत होतो. अर्नाळकरांनी ते नायकांच्या रांगेत बसवलं होतं. धनंजय गुप्तहेर, कायद्याच्या बाजूचा. झुंजार आणि काळापहाड पोलिसांना हवे असलेले. पण तिघांचं कसब एकच: वेशांतर, पाळत, धाडस, वेळेचं भान. आणि तिघांवरही वाचकाचं प्रेम सारखंच. ज्याने धनंजयचा शत्रू व्हायचं, त्यालाच अर्नाळकरांनी स्वतंत्र मालिका देऊन टाकली. मग उरलेल्या खलनायकाला रंग राहणार कुठून?

हे त्यांनी एकट्याने शोधून काढलं असं मात्र नाही. डॉयलचा मेहुणा हॉर्नंग याने १८९९मध्ये रॅफल्स पुस्तकरूपात आणला. दिवसा क्रिकेट खेळणारा, रात्री घरं फोडणारा, सोबतीला वॉटसनच्या जागी बनी. पुस्तक डॉयललाच अर्पण केलेलं, आणि गुन्हेगाराला नायक करू नये हे डॉयलचं मत त्यानंतरही कायम. पुढे १९०५मध्ये फ्रान्समध्ये ल्युपिन अवतरला. झुंजारचं कूळ हेच. (आपल्याकडे ‘इंग्रजीवरून घेतलं’ म्हटलं की चर्चा संपते. खरं तर तिथून ती सुरू व्हायला हवी.)

मराठी वाचकाने हा घरफोड्या एवढा आपलासा का केला? अर्नाळकर लिहू लागले तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मुंबईत धान्याला रेशन कार्ड, आणि कार्डाबाहेर काळा बाजार. दिवसा टोपी घालून मिरवणारा प्रतिष्ठित माणूस रात्री कोठार भरतो, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. अशा माणसाची तिजोरी फोडणारासुद्धा दिवसा एक आणि रात्री दुसरा असणार. तोंड झाकलेले दोघंही, फरक पैसा पुढे कुठे जातो एवढाच. काळापहाडातला ‘काळा’ आणि काळ्या बाजारातला ‘काळा’ मला म्हणूनच सख्खे भाऊ वाटतात. नायक खलनायकासारखा दिसतो ही या गोष्टींतली त्रुटी नाही. त्यावरच त्या उभ्या आहेत.

इथपर्यंतचं विवेचन मी दोनदा व्याख्यानात मांडलं आहे. जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

ऐंशीच्या दशकात चिंचवडला शाळेत असताना मी आणि एक मित्र मिळून एका फिरत्या वाचनालयाचे सभासद होतो. दोघांत मिळून अनामत एक. पुस्तक आधी कोणी वाचायचं यावरून मारामारी. पुढे मी चाकणला एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळू लागलो. २००५च्या सुमारास एक दिवस चार पोरं घेऊन हाच मित्र गेटवर आला. भंगाराचा ठेका त्याला हवा होता. मालक बाहेरगावी. त्याने मला ओळखलं, चहा मागवायला लावला, आणि फार शांतपणे म्हणाला, “मी शेठ लोकांचंच घेतो रे. गरिबाला हात लावत नाही.” त्याच्या वडिलांची जमीन संपादनात गेलेली, आलेला पैसा दोन गाड्यांत आणि एका लग्नात संपलेला. मला उत्तर सुचलं नाही. सुचणार कसं? झुंजारचा हा कायदा आम्ही एकाच पुस्तकातून शिकलो होतो. त्याच पुस्तकात मी स्वतःला पाहत होतो, तोही पाहत होता, आणि दोघांचंही वाचन बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यापासून लेथखालचं भंगार त्याच्या टेम्पोतून बाजारभावाच्या निम्म्याने जाऊ लागलं. गेटपासवर सही माझी. मालकाने तो तुटवडा हेल्परांच्या ओव्हरटाइममधून भरून काढला. अर्नाळकरांच्या गोष्टीत हिशोब शेठच्या तिजोरीपाशी थांबतो. शेठने दुसऱ्या दिवशी ते नुकसान कोणाकडून वसूल केलं, हे पान तिथे नसतं. मी झुंजार पुन्हा वाचतो तेव्हा ते पान शोधत असतो.

हा हिशोब पुढे नेणारी लोकप्रिय कलाकृती मला सापडली ती पुस्तकात नाही. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८). आपलं हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं, त्यामुळे चित्रपटातला भूगोल आम्हाला परका नव्हता. सखाराम पाटलाची जमीन गेलेली, मुलगा राहुल नान्याभाईच्या हाताखाली वाढतो आणि त्याच खुर्चीकडे सरकतो. इथे मुखवटा नाही, दिवस-रात्रीचा फरक नाही. राहुलला समोर नान्याभाई दिसतो तो पुढच्या काही वर्षांतला राहुल म्हणूनच. ज्या व्यवहाराने बापाला भूमिहीन केलं त्याच व्यवहाराचं मुलगा हत्यार बनतो. चित्रपटात गाणी आणि गॉगल गरजेपेक्षा जास्त आहेत. माझ्या गल्लीतल्या पोरांनी नेमकं तेवढंच उचललं, हेही नोंदवायला हवं. पण मोहन जोशींचा सखाराम पडद्यावर असतो तोवर राहुलचा रुबाब टिकत नाही. अर्नाळकरांत नसलेलं पान म्हणजे हा बाप.

२०२१मध्ये महेश मांजरेकरांनी याचाच हिंदी अवतार काढला, ‘अंतिम’. त्यात पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत सलमान खान. एवढा मोठा नट कायद्याच्या बाजूला उभा राहिला की तराजू कुठे झुकणार हे तिकीट काढतानाच कळतं. राहुल आणि नान्यामधला आरसा बाजूला पडतो, उरतो चोर आणि शिपाई. मला तो चित्रपट मध्यंतरानंतर कंटाळवाणा झाला.

मित्र आता पन्नाशीपुढचा आहे, साखर आहे, धंदा मुलाने सांभाळला आहे. ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलास का, असं मी त्याला एका लग्नात विचारलं. पाहिला होता, दोनदा. कसा वाटला म्हटल्यावर ताटातली जिलेबी बाजूला सारत म्हणाला, “भारी आहे. पण त्यात तो म्हातारा फार वेळ दाखवलाय.”