क्लार्कसन स्टॅनफील्ड : रंगभूमी आणि सागरचित्र

ब्रिटिश निसर्ग व सागरचित्रकार क्लार्कसन स्टॅनफील्ड (१७९३–१८६७) यांच्या चित्रांत नाट्यमयता अधिक व भावगर्भता कमी, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतःच ग्राह्य आहे. १८०८ मध्ये सक्तीने नौदलात भरती झालेल्या या कलावंताने समुद्र प्रत्यक्ष अनुभवला होता. पुढे लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचे पडदे रंगविताना भव्य अवकाशाची मांडणी त्यांना साधली. 'ट्रफाल्गरची लढाई' (१८३६) या चित्रात हे दोन्ही संस्कार एकवटतात. रस्किन यांनी त्यांचे सागरज्ञान मान्य करूनही टर्नर यांनाच श्रेष्ठ ठरविले. मात्र स्टॅनफील्ड यांचे नाट्यगृहातील बहुतांश पडदे काळाच्या ओघात नष्ट झाले. त्यामुळे केवळ उरलेल्या चित्रांवरून होणारे त्यांचे मूल्यमापन अपूर्णच राहते.