दोन माळांमधील आई

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२३ चा निकाल आम्ही पुनःपुन्हा वाचला. दावा मूळचा कर्नाटकातलाच. रद्दबातल विवाहातून झालेल्या अपत्यास, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पित्याच्या वाट्यास जे आले असते त्यातही हक्क आहे, असे त्यात ठरले. बिदर-कलबुर्गीकडील वकिलास याचे मोल सांगावयास नको. पहिली पत्नी हयात असता देवळात दुसरीस माळ घालावी आणि वाटणीच्या वेळी तिच्या मुलांस परके म्हणावे, हे आमच्या सीमाभागास अपरिचित नाही.

तरीही निकाल आम्हांस अपुरा वाटतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचे सोळावे कलम अपत्याचा कलंक पुसते, मात्र त्यास काही विवाहविधी झालेला लागतो. शिवाय आईचे काय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधास संरक्षण दिले खरे. परंतु पुरुष विवाहित आहे हे जाणून त्याच्यासह राहिलेल्या बंगळूरच्या एका स्त्रीस २०१३ साली याच न्यायालयाने त्याबाहेर ठेवले. जाणून राहिली, म्हणे! त्या पुरुषास काय ठाऊक नव्हते? मुलाचे नाव आता पहाणीपत्रकात चढेल. आई त्या पुरुषाची वारस ठरत नाही. संसदेने या प्रश्नाचा विचार करावा, असे २०१३ च्या त्याच निकालात म्हटले आहे. तशी सुधारणा अद्याप झालेली नाही.