सुलट, उलट आणि निनावी

विणकामाचे नमुने छापणारी मासिके समीक्षेसाठी कोणी उचलत नाही. ती लोकरीच्या पिशवीत पडून राहतात आणि स्वेटर पुरा झाला की रद्दीत जातात. परंतु ब्रिटनमधील ‘स्टिचक्राफ्ट’ या मासिकाचे (१९३२ ते १९८२) आणि त्याच्या जातकुळीतील इतर नियतकालिकांचे जुने अंक चाळताना आम्हांला वाटले की, या पानांना स्वतःचा एक वाङ्मयीन बाज आहे. आणि एक मोठी उणीवही आहे.

प्रथम गंमत. छायाचित्रांतील पुरुष बहुधा तोंडात पाइप धरून दूर कुठेतरी रोखून पाहत असतो. अंगात स्वेटर आहे याचे त्याला भानच नसते. पुढे जेम्स बाँड म्हणून गाजलेले रॉजर मूर १९५० च्या दशकात अशाच छायाचित्रांसाठी उभे राहत. लोकरीने विणलेले पोहण्याचे पोशाखही येथे भेटतात. भिजलेली लोकर जड होऊन लोंबते, हे छायाचित्रातील कोरडी तरुणी अर्थातच सांगत नाही! नमुना पुष्कळदा एकाच मापाचा. ज्यांचे माप निराळे त्यांनी हिशेब आपला आपण करावा. ब्रिटिश सुयांचे जुने क्रमांकही उफराटे: १४ नंबरची सुई २ मिलिमीटर जाडीची, तर ८ नंबरची तिच्या दुप्पट.

भाषा मात्र विलक्षण. एक अक्षर म्हणजे सुलट टाका, दुसरे म्हणजे उलट. मग तारकाचिन्हापासून पुन्हा, आणि पुन्हा. रोझरीच्या मण्यांसारखी ही आवर्तने नुसती वाचून अर्थ लागत नाही. हात चालू लागले की लागतो. एवढे काटकसरीचे आणि वाचणारीवर एवढा विश्वास टाकणारे गद्य आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही.

युद्धकाळात काटकसर सक्तीची झाली. १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशनिंग आले; एका कुपनावर २ औंस लोकर. जुने स्वेटर उसवून, लोकर धुऊन ती पुन्हा विणण्याचे ते दिवस. त्या वर्षांचे नमुने आम्हांला सर्वांत सरस वाटतात. उरल्यासुरल्या लोकरीचे पट्टे ही मुळात अडचण. तिचीच त्यांनी शोभा केली. १९४९ मध्ये रेशनिंग उठल्यानंतरचे नमुने ऐसपैस आहेत, तेवढे नेटके नाहीत.

परंतु हे नमुने रचले कोणी? बहुतेक पानांवर लोकर-कंपनीचे नाव ठळक असते, रचनाकर्तीचे नसते. एडिंबरोच्या जेन गोगेन यांनी १८४० मध्ये विणकामाचे पुस्तक स्वतःच्या नावाने काढले, टाक्यांसाठी स्वतःची चिन्हे योजली. शंभर वर्षांनी त्यांच्या वारसदार निनावी व्हाव्यात, हे आम्हांला खटकते. ‘पॅटन्स अँड बाल्डविन्स’चे मुख्य रचनाकार जेम्स नॉर्बरी यांना मात्र नाव मिळाले, दूरचित्रवाणीवर स्थानही मिळाले. ते जाणकार होते, याबद्दल वाद नाही. पण एकटेच जाणकार खचित नव्हते.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा हव्यास कशाला? आपल्या चर्चमधील वेदीवस्त्राला क्रोशाची लेस लावणारी स्त्रीही नाव लावत नाही. खरे आहे, पण ते तिचे अर्पण असते, नाव तिने स्वतः बाजूला ठेवलेले असते. येथे ते दुसऱ्या कोणीतरी गाळले आहे.

जुन्या प्रतींच्या समासांत पेन्सिलीच्या बारीक रेघा आढळतात. विणून झालेल्या ओळी मोजण्यासाठी मारलेल्या. कुठे बाहीची छापील लांबी खोडून शेजारी नवी लिहिलेली असते, कोणाच्या तरी आखूड हातांसाठी.