पथ्याचे पुस्तक आणि आपले पातेले

रक्तदाबाचे दुखणे निघाले की हल्ली मुले आईबापांच्या हाती एखादे पथ्याच्या पाककृतींचे पुस्तक आणून ठेवतात. त्यांत 'डॅश' नावाच्या आहारपद्धतीच्या पुस्तकांची चलती फार. या पुस्तकांवरून आपल्या घरी रोजचा स्वयंपाक होईल काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पद्धत खरी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेत ४५९ माणसांवर केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. फळे, भाज्या व कमी चरबीचे दूधदुभते भरपूर, आणि एकंदर चरबी बेताची, अशा आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीच्या अमेरिकन आहाराच्या तुलनेत सरासरी ११ ने उतरला. परंतु त्या मंडळींना सारे अन्न तयार करून दिले जात होते. बाजारहाट, निवडणे, चिरणे, मोजणे यांतले काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. पुस्तक घेणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र नेमके तेवढेच येते.

शिवाय ही पुस्तके आपल्या चुलीसाठी लिहिलेली नाहीत. नारळाच्या दुधातली चरबी हृदयाला बरी नव्हे, हे त्यांचे म्हणणे बरोबर. पण त्याऐवजी दही घाला म्हटले, तर कोशेर घरात मटणाच्या कालवणात दही कसे घालणार? त्यापेक्षा नारळाचे दूध थोडे व पातळ घ्यावे आणि भाजलेल्या कांद्याच्या वाटणाने रस्सा दाट करावा.

मिठाचेही तसेच. दिवसाला २३०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे एक सपाट चहाचा चमचा मीठ, ही या पद्धतीची नेहमीची मर्यादा. आपले मांस कोशेर करताना मिठात ठेवतात. धुतल्यावरही थोडे मीठ त्यात उरतेच, तेव्हा कालवणात हात आखडता घ्यावा. सूपची पूड, लोणची, ऑलिव्ह, खारे चीज यांतले मीठ वेगळेच. इस्रायलात जानेवारी २०२० पासून जास्त सोडियमच्या पाकिटांवर लाल खूण असते. ती पाहण्यास पुस्तक लागत नाही.

एक इशारा परिचारिका म्हणून देते. मिठाऐवजी मिळणाऱ्या काही पुड्यांत पोटॅशियम असते, आणि या आहारातही ते पुष्कळ असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून यांपैकी काहीही सुरू करू नये.

मग पुस्तक टाकून द्यावे काय? नाही. त्यातील पाककृती बाजूला ठेवाव्या आणि दिवसाच्या प्रमाणांचा तक्ता तेवढा उतरून घ्यावा. सुमारे २००० कॅलरींच्या आहाराला भाज्या चार-पाच वेळा, फळे चार-पाच वेळा, दूधदुभते दोन-तीन वेळा. वालाचे बिरडे, मुगाची उसळ, मसुराची आमटी ही या तक्त्यात सहज बसतात. तेल, मीठ व खोबरे तेवढे कमी करावे. दुधाच्या जेवणाला बिनमिठाचे ताक घ्यावे. जे पथ्य आपल्या पातेल्यात शिजते, तेच वर्षभर टिकते. आठवडाभर पाळून सोडलेल्या पथ्याने रक्तदाब आटोक्यात राहत नाही.