वादातून संवादाकडे : एकनाथांच्या एका भारुडाचे वाचन

सोळाव्या शतकातील संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ सलोख्याचा आदर्श म्हणून नेहमी गौरविला जातो. ही स्तुती आम्हांस अपुरी वाटते. अखेरीस दोघे एकमेकांस आलिंगन देतात म्हणून आपण संतोष पावतो. परंतु तेथवर ते कोणत्या वाटेने पोहोचले, हे क्वचितच विचारले जाते. सोसायटीच्या वा धर्मग्रामाच्या सभेस बसणाऱ्या प्रत्येकाने मात्र हा प्रश्न विचारावयास हवा.

भारुडाचा आरंभ उखाळ्यापाखाळ्यांचा आहे. तुर्क मूर्तिपूजेची आणि पुराणकथांची टर उडवितो. हिंदू त्यास थेट उत्तर देण्याऐवजी विचारतो की, देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का करावे? प्राण्याच्या हत्येने पुण्य कसे लाभावे? मराठी आणि दख्खनी अशा दोन भाषांत चाललेला हा सामना वाचताना हसू येते, कारण असे सामने आपण घरोघरी पाहिले आहेत.

प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. त्याच शास्त्राने पराभवाच्या ज्या जागा नोंदविल्या, त्यांतील एकीचे नाव आहे ‘मतानुज्ञा’. आपल्यावरील आक्षेपाचे निरसन न करता ‘तुमच्याकडेही हाच दोष आहे’ असे म्हणणाऱ्याने आपला दोष मान्यच केला, असा तिचा अर्थ. १९९५ साली फान मिन झुंग ह्या संगणकशास्त्रज्ञाने युक्तिवादांची जी गणिती मांडणी केली, तीही येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार एखादे विधान टिकावयाचे असेल तर त्याच्यावरील प्रत्येक हल्ल्याला उत्तर मिळाले पाहिजे. प्रतिआरोप हे मूळ हल्ल्याचे उत्तर नव्हे. तो केवळ दुसरा हल्ला होय. ह्या कसोटीवर हिंदू आणि तुर्क दोघेही हरतात.

मग एकमत होते कसे? आमच्या मते त्याचे बीज आरोपांतच आहे. ‘देव दगडात कसा मावेल?’ हा तुर्काच्या टीकेचा गाभा आहे, तर ‘देव एकाच दिशेस कसा असेल?’ हा हिंदूच्या. दोघांचे शस्त्र एकच आहे : देवाला मर्यादा नाही. परस्परांवर वार करताना दोघांनी नकळत एकच तत्त्व उचलून धरले. दोघांचीही बाजू निरुत्तर झाल्यावर शिल्लक राहते ते हे समान तत्त्व. म्हणून शेवटचे आलिंगन आम्हांस वरून चिकटविलेले वाटत नाही. त्या तत्त्वाचा उच्चार थोडा आधी झाला असता तर रचना अधिक सुघड झाली असती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यातही श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. तेथे श्रोत्याला शिकावयाचे आहे, खंडन करावयाचे नाही. त्यामुळे वादाच्या मापाने त्या ग्रंथास मोजणे अन्यायाचे ठरेल. डग्लस वॉल्टन आणि एरिक क्राब ह्यांनी १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात माहितीसाठी, मनवळवणीसाठी, तडजोडीसाठी आणि निर्णयासाठी होणारे संवाद वेगळे केले, ते याचसाठी. एका जातीचा संवाद दुसऱ्या जातीच्या जागी वापरला की घोटाळा होतो.

आमच्या उपनगरांतील सभांत हा घोटाळा वारंवार दिसतो. अंधेरी घ्या, बोरिवली घ्या वा मुलुंड, रविवारची मराठी मिस्सा चालू ठेवावी की नाही, असा प्रश्न कोठेही उठू शकतो. ‘मराठीला माणसे येत नाहीत’ ह्या म्हणण्यास ‘इंग्रजीलाही कमीच येतात’ हे उत्तर म्हणजे मतानुज्ञाच. ‘फादरांना विचारा, ते सांगतील’ असे म्हटले की निर्णयाची सभा क्रिस्तपुराणाच्या श्रोत्यांची होते. चर्चच्या कायद्याच्या ५३६व्या कलमाप्रमाणे धर्मग्राम परिषदेचे मत केवळ सल्ल्याचे असते. ह्यावरून बोलणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काही जण काढतात. आम्ही नेमका उलट काढतो. जेथे हात मोजून निकाल लागत नाही तेथे कारणांचेच वजन उरते. आणि धर्मगुरूने सल्ला नाकारला तर प्रत्येक कारणाचे उत्तर देणे त्याच्यावर नैतिकदृष्ट्या बंधनकारक होते.

तेव्हा मराठी मिस्सा नको म्हणणाऱ्याला आणि हवी म्हणणाऱ्याला प्रथम एकच प्रश्न विचारावा : तुमच्या दोघांच्या म्हणण्यामागे समान काय आहे? आजीला तिच्या भाषेत प्रार्थना करता यावी, आणि नातवाने चर्चपासून दूर जाऊ नये, ह्या दोन्ही इच्छा एकाच घरातल्या असतात. ते सापडल्यावर वेळ कोणती आणि भाषा कोणती, हे ठरविणे अवघड राहत नाही. एकनाथांच्या त्या दोघांना हे भांडणाच्या शेवटी उमगले. आपल्या सभांना ते आरंभीच उमगावे.